यंत्रांची नाडी : काटा खोटं का बोलतो?

दोस्तांनो, ‘लांडगा आला रे आला’ ही गोष्ट तुम्ही बालवाडीतच ऐकली असेल. गोष्टीतला मुलगा उगाचच ओरडतो, गाव धावत येतं आणि फसतं. मग एके दिवशी लांडगा खरोखरच येतो आणि तेव्हा मात्र कुणीही जागचं हलत नाही. आज आपण अशाच एका लबाडाची नाडी तपासणार आहोत. हा लबाड राहतो ट्रकच्या डॅशबोर्डवर, काचेच्या आड.

त्याची तक्रार घेऊन मुलुंडहून नववीतल्या एका वाचक मैत्रिणीचं पत्र आलंय. पत्र मोठं आहे, त्यातला महत्त्वाचा भाग तिच्याच शब्दांत वाचा.

“काका, आमच्या बाबांचा एकच ट्रक आहे. जुना आहे, बारा व्होल्टच्या बॅटरीवर चालणारा. बाबा तो स्वतः चालवतात. माल घेऊन कधी भिवंडीला जातात, कधी नाशिकला. डॅशबोर्डवर डिझेलचा एक काटा आहे आणि इंजिनाच्या गरमीचा एक. हे दोन्ही काटे मधूनच हळूहळू वर चढतात आणि नंतर आपोआप खाली येतात. मागे एकदा काटा पाव टाकी डिझेल दाखवत होता आणि गाडी कसारा घाटाच्या अलीकडे बंद पडली. टाकी कोरडी! बाबांना रात्री कॅन घेऊन डिझेल आणायला जावं लागलं. दुसऱ्यांदा गरमीचा काटा लाल पट्टीजवळ गेला म्हणून बाबांनी गाडी बाजूला घेऊन अर्धा तास वाट पाहिली, तर रेडिएटरमध्ये पाणी व्यवस्थित होतं. आता बाबा म्हणतात, ‘ह्या काट्यांकडे बघायचंच नाही.’ आई म्हणते, ‘बघायचंच नाही तर लावलेत कशाला?’ गॅरेजमध्ये गाडी नेली की काटे एकदम शहाण्यासारखे वागतात. वायरमनकाकांनी आधी डिझेलचा मीटर बदलला, मग टाकीतला फ्लोट बदलला. पैसे गेले आणि काटे तसेच. आता ते म्हणतात, सगळं वायरिंग नवीन टाका. खरंच टाकायला हवं का?”

पत्र वाचलं आणि मला टाकीपेक्षा जास्त काळजी वाटली ती बाबांच्या त्या एका वाक्याची. डिझेल संपलं तर एक रात्र वाया जाते. डिझेलच्या नळीत हवा शिरते, ती काढत बसावं लागतं, हात काळे होतात. पण गरमीच्या काट्याकडे बघणंच सोडलं आणि एखाद्या दिवशी पाण्याचा पाइप खरोखर फुटला तर? घाट चढताना इंजिन तापतं, हेड वाकतं, पिस्टन सिलिंडरमध्ये अडकून बसतो. गॅरेजच्या भाषेत ‘इंजिन सीझ’. एकाच ट्रकावर घर चालत असेल तर हा खर्च कंबरडं मोडणारा. लांडगा येतो तो असा.

तेव्हा मी लगेच पोस्टकार्ड टाकलं : “वायरिंग बदलू नका. आधी माझ्या चार प्रश्नांची उत्तरं पाठव.” ते प्रश्न कोणते, हे नंतर सांगतो. आधी काट्याच्या पाठीमागे काय असतं, ते बघू या.

काट्याच्या पाठीमागे

डिझेलच्या टाकीत एक तरंगणारा गोळा किंवा डबी असते. तो झाला फ्लोट. तो एका दांडीच्या टोकाला बसवलेला असतो. डिझेल कमी झालं की फ्लोट खाली जातो आणि दांडीचं दुसरं टोक एका रोध असलेल्या पट्टीवरून घासत सरकतं. रोध म्हणजे विजेच्या वाटेतला अडथळा, हे तुम्ही शाळेत शिकलाच आहात. टाकी भरलेली असली की रोध कमी, म्हणून विद्युतधारा जास्त. टाकी रिकामी असली की रोध जास्त, म्हणून धारा कमी. (काही गाड्यांत याच्या उलट व्यवस्था असते, पण तत्त्व तेच.)

इंजिनाच्या गरमीचं बटण इंजिनाच्या पाण्यात डोकं खुपसून बसलेलं असतं. त्याच्या पोटात असा पदार्थ असतो की तो जितका तापेल तितका त्याचा रोध कमी होतो. तांब्याची तार तापली की तिचा रोध वाढतो, इथे मात्र उलटं! हा उलटा स्वभाव मायकेल फॅरेडे यांनी १८३३ साली सिल्व्हर सल्फाइडमध्ये पाहिला आणि नोंदवून ठेवला. त्या वेळी मोटारगाडीचा जन्मही झाला नव्हता.

आता काटा कसा हलतो? जुन्या गाड्यांच्या बऱ्याच मीटरांत दोन वेगवेगळे धातू पाठीला पाठ लावून केलेली एक पट्टी असते. तिला म्हणतात द्विधातू पट्टी. तिच्याभोवती बारीक तार गुंडाळलेली असते. तारेतून धारा गेली की तार तापते, पट्टी तापते. दोन्ही धातू सारखे प्रसरण पावत नाहीत, म्हणून पट्टी वाकते आणि काट्याला ढकलते. अशी पट्टी अठराव्या शतकात जॉन हॅरिसन या इंग्लिश घड्याळजीनं आपल्या जहाजावरच्या घड्याळात वापरली होती. हवा थंड झाली काय नि गरम झाली काय, घड्याळ मागेपुढे होऊ नये म्हणून!

असा तापून हलणारा काटा आळशी असतो. त्याला वर चढायला थोडा वेळ लागतो. हा त्याचा दोष समजू नका, तो गुणच आहे. खड्ड्यांतून जाताना टाकीतलं डिझेल हिंदकळतं. काटा चपळ असता तर पिसाटासारखा नाचत राहिला असता. आळशी काटा मधलं खरं माप दाखवतो. त्याचा हा आळशीपणा लक्षात ठेवा, पुढे कामाला येणार आहे.

आणखी एक पात्र राहिलं. बॅटरीचं व्होल्टेज सदा सारखं नसतं. इंजिन बंद असताना बारा, चालू असताना चौदाच्या आसपास. मग काटा इंजिनाच्या वेगाबरोबर वरखाली व्हायला नको का? तसं होऊ नये म्हणून अशा मीटरांच्या मागे व्होल्टेज सारखं ठेवणारी एक छोटी डबी असते. तिला आपण ‘पहारेकरी’ म्हणू. डिझेल आणि गरमी, दोन्ही काट्यांना वीज मिळते ती या पहारेकऱ्याच्या हातून.

परतीची वाट

घरातल्या दिव्याला दोन तारा लागतात, एक जायची, एक यायची. ट्रकच्या दिव्याला मात्र बहुधा एकच तार दिसते. मग वीज परत कशी येते? ती येते ट्रकच्या लोखंडातून. बॅटरीची ऋण बाजू चेसिसला जोडलेली असते आणि सगळं लोखंड मिळून परतीची तार बनतं. मेकॅनिक लोक याला ‘अर्थ’ किंवा ‘बॉडी अर्थ’ म्हणतात. जमिनीत खांब पुरण्याशी त्याचा काही संबंध नाही बरं का!

पण ट्रक म्हणजे एकसंध लोखंड नव्हे. आपल्याकडे वर्षानुवर्षं कंपनीकडून चेसिस आणि पुढचा दर्शनी पत्रा एवढंच घ्यायचं आणि बाकीची केबिन नि बॉडी स्थानिक कारागिरांकडून बांधून घ्यायची, अशी पद्धत चालत आली. तुमच्या आजोबांना विचारा, त्यांना ‘टाटा-मर्सिडीज’ नावानं ओळखले जाणारे ट्रक आठवतील. १९५४ साली टाटांनी जर्मनीच्या डायम्लर-बेंझ कंपनीशी करार करून जमशेदपूरला ते बनवायला सुरुवात केली आणि तो करार १९६९ पर्यंत चालला. तेव्हापासून आजवर कितीतरी ट्रकांच्या केबिनी लाकूड, पत्रा आणि कारागिराचं कसब यांतून उभ्या राहिल्या. अशा जोडलेल्या गाडीत केबिनच्या पत्र्यातली वीज चेसिसपर्यंत नीट पोचावी म्हणून दोघांच्या मध्ये एक जाड, वेणीसारखी विणलेली तांब्याची पट्टी बोल्टनं घट्ट बसवतात. तीच अर्थची पट्टी. दिसायला क्षुल्लक, पण पुढच्या भागातल्या सगळ्या दिव्यांची नि मीटरांची परतीची वाट तीच.

आजार कुठे आणि कधी?

दाढ घरी ठणकते आणि डॉक्टरांच्या दारात पाऊल टाकलं की थांबते, असा अनुभव तुमच्यापैकी अनेकांना असेल. मधूनच येणारा दोष असाच असतो. कायमचा बिघाड सापडायला सोपा, तो पळून जात नाही. मधूनच येणारा बिघाड पकडायचा तर पाना-पकडीच्या आधी लागते वही आणि पेन्सिल. म्हणूनच मी त्या मैत्रिणीला चार प्रश्न पाठवले होते :

१) एकच काटा बिघडतो की दोन्ही एकदम?
२) ते एकाच दिशेनं जातात की एक वर, एक खाली?
३) डॅशबोर्डवरचे बाकीचे काटे तेव्हा कसे असतात?
४) काटे चढतात तेव्हा आणखी काय काय चालू असतं? वेळ, पाऊस, दिवे, वायपर, रस्ता, सगळं लिहायचं.

बाबांनी एक छोटी वही स्टिअरिंगशेजारी ठेवली. गाडी थांबली की दोन ओळी लिहायच्या. दोन आठवड्यांनी वहीची नक्कल माझ्याकडे आली. उत्तरं अशी :

दोन्ही काटे एकदम चढतात. दोन्ही वरच जातात, खाली कधीच नाही. तेलाच्या दाबाचा आणि ब्रेकच्या हवेचा काटा मात्र जागच्या जागी असतो. सगळ्या नोंदी रात्रीच्या आहेत. फक्त एक नोंद दुपारची. त्या दुपारी भिवंडीच्या वाटेवर पावसानं अंधारून आलं होतं. आणि शेवटी बाबांनी सहज म्हणून लिहिलं होतं : ‘तेव्हा डॅशबोर्डचे दिवेही मंद वाटतात.’

आता तुम्ही क्षणभर वाचन थांबवा. डिटेक्टिव्ह व्हा. चोर कोण?

चला, एकेक दुवा जोडू.

दोन्ही काटे एकदम बिघडतात. टाकीतला फ्लोट आणि इंजिनातलं बटण, दोघंही एकाच मिनिटाला आजारी पडतील का? एखाद्या चाळीत एकाच खोलीचं पाणी गेलं तर त्या खोलीचा नळ बघायचा, पण सगळ्या मजल्याचं गेलं तर मुख्य पाइप बघायचा. तसंच हे. दोघांचं जे सामाईक असेल तिथेच दोष. सामाईक काय? पहारेकऱ्याची डबी, तिला येणारी वीज आणि तिची परतीची वाट. म्हणजे बिचारा जुना मीटर आणि जुना फ्लोट निर्दोष होते! चोर सोडून संन्याशाला फाशी झाली.

तेलाचा आणि हवेचा काटा ठीक. अनेक जुन्या ट्रकांत हे दोन काटे विजेवर चालतच नाहीत. बारीक नळीतून आलेला दाब त्यांना सरळ ढकलतो. म्हणजे दोष विजेच्या बाजूचा, ही खूण पक्की झाली.

रात्रीच होतं, किंवा अंधारून आल्यावर. म्हणजे हेडलाइट लावल्यावर! पण मग हे बाबांच्या इतके दिवस लक्षात का आलं नाही? इथे काट्याचा आळशीपणा आठवा. दिवे लावल्यावर काटा लगेच उडी मारत नाही, सावकाश चढतो. तोवर बाबांची नजर रस्त्यावर असते. कारण आणि परिणाम यांच्यात थोडा वेळ गेला की आपलं मन दोघांची गाठ बांधत नाही. वही मात्र बांधते.

आणि गॅरेजमध्ये काटे शहाणे का? गाडी दिवसा नेलेली, हेडलाइट बंद. रोगाला यायचं निमंत्रणच नव्हतं.

पाटीवरचं गणित

जॉर्ज ओहम हे जर्मनीतल्या कलोन शहरात शाळेत शिकवत होते. तिथेच त्यांनी तारांवर प्रयोग केले आणि १८२७ साली आपलं पुस्तक छापलं. त्यांचा नियम तुम्हाला पाठ आहे : व्होल्टेज म्हणजे धारा गुणिले रोध. तो नुसता पाठ करू नका, त्याला कामाला लावा.

समजा, अर्थच्या पट्टीखाली गंज बसून तिथे ०.२ ओहम रोध तयार झाला. म्हणजे एका ओहमचा पाचवा हिस्सा. इतका लहान की साधा मल्टिमीटर तो धड दाखवणारही नाही, कारण त्याच्या स्वतःच्या तारांचाच रोध साधारण तेवढा असतो.

दिवसा या पट्टीतून मीटर आणि एखाददुसरा बारीक दिवा यांची धारा जाते. ती अर्धा अँपिअर धरू. ०.५ गुणिले ०.२ म्हणजे ०.१ व्होल्ट. कुणाला पत्ताही लागणार नाही.

रात्री हेडलाइट लागतात. ६० वॉटचे दोन, म्हणजे १२० वॉट. १२ व्होल्टनं भागा, १० अँपिअर. आता १० गुणिले ०.२ म्हणजे २ व्होल्ट! गंज तोच, पट्टी तीच, पण वाटेवर गर्दी झाल्याबरोबर अडथळा जाणवायला लागला. पहाटे तीनला रिकाम्या रस्त्यावर एक खड्डा असला तर कोण विचारतो? तोच खड्डा संध्याकाळी सातला लाल बहादूर शास्त्री मार्गावर असला तर भांडुपपर्यंत रांग लागते.

या २ व्होल्टांमुळे केबिनचा सगळा पत्रा चेसिसपेक्षा २ व्होल्ट वर उचलला जातो. पहारेकरी उभा आहे त्या पत्र्यावर. तो आपल्या पायाखालच्या जागेपासून व्होल्टेज मोजतो आणि त्याला वाटतं, सगळं ठीक आहे, उलट थोडं कमीच पडतंय. मग तो काट्यांना जास्त वीज सोडतो. पण फ्लोट आणि गरमीचं बटण उभे आहेत चेसिसवर, खाली. त्यांच्या दृष्टीनं ही वीज जास्तच झाली. पट्ट्या जास्त तापतात, दोन्ही काटे चढतात. धाकट्या भावानं पाटावर उभं राहून उंची मोजून घ्यावी आणि ‘मी वाढलो’ म्हणावं, तसला प्रकार. डॅशबोर्डच्या दिव्यांचंही तेच. त्यांच्या वाट्याचे २ व्होल्ट वाटेतच गेले, म्हणून ते मंद.

पाहिलंत? चारही दुवे एकाच जागी येऊन मिळाले. जुन्या म्हणीत सांगायचं तर आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी! आग होती अर्थच्या बोल्टाखाली, आणि बंब गेला मीटर बदलायला.

करून बघा

हा प्रयोग घरी करता येईल. टॉर्चचे दीड व्होल्टचे दोन सेल, टॉर्चचे जुन्या पद्धतीचे दोन छोटे बल्ब (एलईडी नकोत), थोडी तार आणि दोन्ही बाजूंनी तासलेली एक मऊ शिशाची पेन्सिल घ्या. भिंतीतल्या वीजेला हात लावायचा नाही, फक्त सेल.

आधी सेल आणि एक बल्ब जोडून तो पेटवा. मग त्याला समांतर दुसरा बल्ब जोडा. पहिल्याचा उजेड फारसा बदलत नाही, हे बघून ठेवा.

आता सेलकडे परत जाणारी जी सामाईक तार आहे, ती तोडून मध्ये पेन्सिलीचं शिसं जोडा. एक तार एका टोकाला, दुसरी दुसऱ्या टोकाला. एकच बल्ब लावून उजेड बघा. मग दुसरा लावा. पहिला लगेच मंद होतो! का? शिशाचा रोध सामाईक वाटेत आला. एकाची धारा वाढली की दुसऱ्याच्या वाट्याचं व्होल्टेज कमी झालं. हीच आपली गंजलेली पट्टी. बल्ब अजिबातच पेटला नाही तर पेन्सिलीचा लहान तुकडा घ्या.

शिशाच्या मध्यावर तार टेकवून ती सरकवत नेली तर उजेड कमीजास्त होतो, तेही बघा. तो झाला तुमचा टाकीतला फ्लोट.

मल्टिमीटरची फेरी

पुराव्याशिवाय शिक्षा नाही. म्हणून मी कळवलं, “वायरमनकाकांना ही वही दाखवा आणि रोध मोजण्याऐवजी व्होल्ट मोजायला सांगा, हेडलाइट लावून.” वायरमनकाका अनुभवी होते. वही वाचली आणि म्हणाले, “हे आधी कुणी सांगितलं असतं तर फ्लोटला हातच लावला नसता.” त्यांचं खरंच आहे. ‘काटा मधूनच चढतो’ एवढंच ऐकून कोण काय ओळखणार? डॉक्टरांनाही ताप किती, कधी येतो, हे सांगावं लागतं.

मग एका रविवारी फेरी सुरू झाली. इंजिन बंद, चावी चालू, हेडलाइट चालू. मल्टिमीटरची काळी पिन थेट बॅटरीच्या ऋण खांबावर धरून ठेवली. लाल पिन वायरमनकाका एकेका जागी टेकवत गेले. मैत्रीण आकडे वाचून वहीत लिहीत होती :

डॅशबोर्डच्या मागचा पत्रा : २.१ व्होल्ट.
केबिनचा पुढचा पत्रा : २.१.
अर्थच्या पट्टीचं वरचं टोक : २.१.
पट्टीचं खालचं टोक, म्हणजे थिंबल : २.०.
थिंबलला लागूनच चेसिसचं खरवडलेलं लोखंड : ०.१.

दोन व्होल्टांची चोरी झाली होती ती थिंबल आणि चेसिस यांच्या मधल्या जागेत, जिथे नखही शिरणार नाही. बोल्ट खोलला. चेसिसला मागे कधीतरी काळा रंग दिला होता, तो थिंबलच्या खाली गेलेला. त्यावर गंजाचा थर आणि तांब्यावर हिरवट चूर. मुलुंडच्या एका अंगाला ठाण्याची खाडी, दुसऱ्या अंगाला राष्ट्रीय उद्यानाचे डोंगर, आणि चार महिने धो धो पाऊस. इथल्या दमट हवेत उघड्या लोखंडाला गंज चढायला फार वेळ लागत नाही.

दुरुस्ती अशी झाली : हेडलाइट आणि चावी बंद केली, बॅटरीची ऋण केबल काढली. पॉलिश पेपरनं चेसिसची जागा लख्ख होईपर्यंत घासली. पट्टीला नवीन थिंबल, नवीन बोल्ट, स्प्रिंग वॉशर. घट्ट आवळल्यावर पाणी जाऊ नये म्हणून वरून व्हॅसलिनचा थर. मग पुन्हा हेडलाइट लावून मोजलं : ०.१ व्होल्ट. खर्च झाला तो थिंबल, बोल्ट आणि वॉशरचा. वायरिंग जुनंच राहिलं.

इथे गोष्ट संपली असं वाटेल, पण मैत्रिणीनं आणखी एक शहाणपणाचं काम केलं. आकडा बरोबर आला म्हणजे काटा खरं बोलतोच असं नाही, हे तिच्या लक्षात आलं. बाबांनी टाकी काठोकाठ भरली. रोज किती किलोमीटर झाले, काटा कुठे आहे आणि टाकीत काठी घालून मोजलं तर डिझेल किती आहे, हे ती पंधरा दिवस लिहीत होती. त्यांतल्या पाच फेऱ्या रात्रीच्या होत्या. काटा आणि काठी यांचं जमलं. आता बाबा पुन्हा काट्याकडे बघतात. परवा नाशिकहून येताना गरमीचा काटा जरा वर दिसला, तेव्हा त्यांनी गाडी थांबवली. पंख्याचा पट्टा सैल झाला होता. ताणून घेतला आणि गाडी घरी आली.

आता थोडं पालकांशी. घरात वाहनाचं काम निघालं तर मुलांना वही घेऊन शेजारी उभं राहू द्या. मात्र बॅटरीजवळ काम करताना अंगठी, कडं, घड्याळ काढून ठेवायचं. चाकांना दगड लावल्याशिवाय ट्रकखाली शिरायचं नाही. गरम रेडिएटरचं झाकण उघडायचं नाही. आणि डिझेलची टाकी उघडी असताना तिच्याजवळ ठिणगी नको. मुलांनी लिहायचं, वाचायचं, विचार करायचा, पाना मोठ्यांच्या हातात.

आणि दोस्तांनो, एक शंका तुम्ही काढणारच : “काका, हल्लीच्या नव्या ट्रकांत तर सगळं कॉम्प्युटरवर असतं!” असतं खरं. काट्याऐवजी पडदा असतो, फ्लोटचा निरोप कॉम्प्युटर वाचतो. पण त्या कॉम्प्युटरलाही परतीची वाट लागतेच, आणि ती लोखंडातूनच जाते. बोल्टाखालचा गंज काटा आहे की पडदा, हे विचारत नाही.

या आठवड्याचं कोडं

दुसरा एक ट्रक. याचा फक्त डिझेलचा काटा बिघडलाय, गरमीचा ठीक आहे. टाकी भरली की काटा व्यवस्थित. अर्धी टाकी झाली की काटा अचानक खाली खाली जायला लागतो, मध्येच सावरतो, पुन्हा खाली जातो. टाकी आणखी रिकामी झाली की पुन्हा व्यवस्थित! हेडलाइट लावा किंवा विझवा, काही फरक नाही. पाऊस असो वा ऊन, तेच. दोष कुठे असेल, आणि तो नेमका अर्ध्या टाकीलाच का दिसतो?

पेन्सिलीच्या शिशाचा प्रयोग आठवा. उत्तर दोन ओळींत लिहा, पण ‘का’ लिहायला विसरू नका. नुसतं दोषाचं नाव चालणार नाही. पुढच्या आठवड्यात उत्तर, आणि त्याबरोबर सायकलच्या अशा एका डायनमोची नाडी, जो चढावर दमतो आणि उतारावर फार उत्साहात येतो!